सुट्टीच्या सकाळी गरम

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! "असली वजनदार इस्त्री आता मिळत नाही," असं माझी वायर बदलणारा मिस्त्री दर वेळी म्हणतो, आणि मी ते दर वेळी मन लावून ऐकते.

एकवीस वर्षं मी एकाच दुकानात, एकाच हाताखाली राबले. तो हात माझ्या मालकांचा. त्यांनी पँटला घातलेल्या घडीने सफरचंद कापता येईल, अशी गिऱ्हाइकं चेष्टा करत. ते कौतुक मी स्वतःचंच समजायची. खरं सांगू? अजूनही समजते. मालकांच्या घरचे कपडे मात्र कायम चुरगळलेले. दिवसभर लोकांचे कपडे कडक केल्यावर घरच्यांसाठी उत्साह कुठून उरणार?

दुकान लहान, वर पत्रा. मालक घामाने निथळत आणि ऐटीत म्हणत, "घाम नाही तो इस्त्रीवाला कसला!"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या निघाल्या. हा रक्ताचा कर्करोग आहे, पण सावकाश चालणारा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. लगेच औषध नको, वेळोवेळी तपासण्या करू. मात्र काही खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. मालकीणबाईंनी त्या खुणा कागदावर लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवल्या. झोपेत कपडे भिजवणारा घाम, कारण नसताना ताप, उतरत जाणारं वजन, मानेत किंवा काखेत वाढणाऱ्या गाठी, डाव्या बरगडीखाली जडपणा.

मग थंडीतल्या एका पहाटे मालक एकटेच दुकानात आले. घर मागेच होतं. हातात उशीचा अभ्रा आणि बनियन, दोन्ही पिळता येतील इतके ओले. त्यांनी मला तापवलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली, आणि थोड्याच वेळात दोन्ही कोरडे. "उकाडा वाढलाय," ते मला म्हणाले. अंगात स्वेटर होता त्यांच्या!

हे रोजचंच झालं. दुसऱ्या घरात ओला अभ्रा दोरीवर दिसला असता. इथे मी होते. माझ्याच कसबाने मी त्यांचं दुखणं लपवत होते, याची मला फार लाज वाटायची. पण बोलणार कशी? मला येतं ते तापणं, आणि तापल्यावर सावकाश निवणं.

तेच कामी आलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांची लेक माझी वायर गुंडाळायला आली आणि तिने चटकन हात मागे घेतला.

"आई, दुकान बंद आहे ना आज? मग ही तापलेली कशी?"

मालकीणबाई आल्या. टेबलावर कडक घडीचा अभ्रा होता. "आपल्या घरच्या अभ्र्याला कधीपासून इस्त्री होते?" त्यांनी मालकांना विचारलं.

"अगं, धंद्याचा घाम आहे तो."

"झोपेत कसला धंदा करता?"

मालक खाली बसले. "घाबरलो गं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं तुम्ही. हात थांबला की मी कोण?"

"आधी दवाखान्यात चला. कोण ते परत आल्यावर ठरवू," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

तपासणीत कळलं, वजन सहा किलो उतरलं होतं, डाव्या बरगडीखालची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती. गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत घाम कमी झाला, अंगात जोर आला. आजार गेलेला नाही, तो सोबत राहणार आहे. पण मालक आता सकाळी उंच स्टुलावर बसून काम करतात आणि दुपारी मी लेकीच्या हातात असते. तिची घडीही झकास पडते बरं का!

आणि रोज उठल्यावर मालक स्वतःच उशीचा अभ्रा दोरीवर टाकतात, ओला असो की कोरडा. मालकीणबाई तो हात लावून पाहतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं अंग असं काही सांगू लागलं, तर ते झटपट वाळवून टाकू नका. ओलं आहे तोवर दाखवा. मी हजारो कपडे ताठ उभे केले, पण सर्वात मोठा अभिमान मला त्या एका सकाळचा आहे. त्या सकाळी मी काहीच केलं नाही, फक्त गरम राहिले.