बरं, मीच सांगते

घरात जावा आणि शाळेत सहकारी, म्हणजे दिवसाचे पंधरा तास एकमेकींच्या नजरेसमोर. थोरली गणित शिकवायची, त्याला बावीस वर्षं झाली होती. धाकटी विज्ञान शिकवायची, त्याला चार. आडनाव एकच, त्यामुळे शाळेत एक गणितबाई झाली आणि दुसरी विज्ञानबाई. दोघींत आजवर एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि याचं श्रेय सगळे थोरलीच्या स्वभावाला देत. थोरलीला मात्र ठाऊक होतं, की भांडायचं तर काहीतरी बोलावं लागतं, आणि आपल्या मनात आहे ते चारचौघांत काढण्यासारखं नाही.

ते असं होतं. अकरा वर्षांपूर्वी थोरलीनेही पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. दीड वर्ष टिपणं काढली. मग सासरे अंथरुणाला खिळले. घरात कोणी "सोड" म्हणालं नाही, तसं "सोडू नकोस" असंही कोणी म्हणालं नाही. मुदत संपली आणि नोंदणी आपोआप रद्द झाली. धाकटीने पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "तिला शिकू दे गं, संध्याकाळचं आपण दोघी बघू." त्या दोघींतून सासूबाईंचे दुखरे गुडघे वजा केले, की थोरली एकटी उरायची. खिडकीपाशी तिची शिलाई मशीन होती. तिथे धाकटीचं टेबल आलं आणि मशीन पॅसेजमध्ये गेली. जाता-येता त्या टेबलावरचा दिवा थोरलीच्या डोळ्यांत खुपायचा.

धाकटीचा विषय ऐकायला साधा होता. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतो? वर्गावर्गात डिजिटल फळे लागल्यापासून उत्तर एका टिचकीवर आलंय, तेव्हा हा थांबा कमी झाला का, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिने चार शिक्षकांचे प्रत्येकी बारा तास रेकॉर्ड केले. टेबलाच्या कोपऱ्यावर काडेपेटीएवढं यंत्र ठेवायचं, आणि नंतर संगणकाने त्यातल्या शांततेचे तुकडे सेकंदांत मोजायचे. भूगोलाचे सर आणि भाषेच्या बाई तयार झाल्या. थोरलीनेही होकार दिला, कारण नकाराला कारण द्यावं लागलं असतं. चौथं कोण ते धाकटीने सांगितलं नाही. शेजारच्या शाळेतलं कोणी असेल, असं थोरली धरून चालली. निबंधात कुणाचंच नाव यायचं नव्हतं. शिक्षक अ, ब, क आणि ड, एवढंच.

निबंध परिषदेत स्वीकारला गेला. शनिवारी वाचन होतं आणि शाळेतली निम्मी मंडळी ऐकायला जाणार होती. सोमवारी मधल्या सुट्टीत धाकटीने कागदांचा गठ्ठा थोरलीसमोर ठेवला.

"ताई, आकड्यांवरून एकदा नजर फिरवाल? तुमच्याइतकं काटेकोर कोणी बघणार नाही."

"ठेव. पुढचा तास ऑफ आहे मला."

तिने लाल पेन काढलं. शेजारी डबा धुऊन पुसत बसलेल्या भूगोलाच्या सरांनी मान वाकडी करून पाहिलं.

"काय गणितबाई, जावेचा पेपर तपासताय? किती मार्क?"

"नापास करण्यासारखं अजून काही सापडलं नाही."

सगळे हसले. थोरली खरं तेच बोलली होती. बेरजा बरोबर होत्या, सरासऱ्या बरोबर होत्या, दशांश चिन्हंही जिथल्या तिथे. सहा पानं झाली तरी लाल पेनाचं टोपण निघालं नव्हतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

सातव्या पानावर शिक्षक क होते. 'प्रश्न विचारल्यावर शिक्षक क सरासरी ०.९ सेकंद थांबतात. विद्यार्थी विचार करू लागण्याआधीच "बरं, मीच सांगते" असं म्हणून स्वतः उत्तर देतात. बारा तासांत हे वाक्य एकाहत्तर वेळा आलं.'

थोरलीने पान पालथं घातलं.

ते वाक्य तिचं होतं. बावीस वर्षांचं. निरोपसमारंभात मुलं तिची नक्कल करायची ती याच वाक्याने. रस्त्यात भेटलेले मोठमोठाले बाप्ये "बाई, मीच सांगतो" म्हणून हसायचे. घरी चष्मा सापडेनासा झाला की नवरासुद्धा तेच म्हणायचा. शनिवारी हे वाक्य पडद्यावर झळकलं, की शाळेची निम्मी मंडळी एकाच वेळी मान वळवून तिच्याकडे बघणार, हे सांगायला गणित लागत नव्हतं. नाव झाकून धाकटीने तिला उघडं पाडलं होतं. आणि वर आकडे तपासायलाही तिलाच दिले होते.

"झालं का, ताई?" तास संपल्यावर धाकटीने विचारलं.

"झालं."

"काही चुकलंय?"

"आकडे बरोबर आहेत."

धाकटीचा चेहरा असा उजळला, की थोरलीला तो बघवेना. ती खडूचा डबा घेऊन वर्गावर निघून गेली.

संमतीपत्राची प्रत तिने जपून ठेवली होती. सातवं कलम असं होतं, की निबंधाचं वाचन होण्यापूर्वी सहभागी शिक्षक केव्हाही, कारण न देता, संमती मागे घेऊ शकतो. अर्ज मार्गदर्शकांकडे द्यायचा. थोरलीने तीन ओळींचा अर्ज लिहिला. पुढचे दोन दिवस ती स्वतःला बजावत राहिली, की प्रश्न आपल्या अब्रूचा आहे. पण भाजी निवडताना, वह्या तपासताना मधूनच एक चित्र डोळ्यांसमोर यायचं. शनिवार उजाडलाय, परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत धाकटीच्या नावापुढे 'रद्द' लिहिलंय, आणि खिडकीपाशी दिवा बंद आहे. त्या चित्राचा अब्रूशी संबंध नव्हता. ते बघून बरं वाटायचं, एवढंच.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचे तीन जिने चढली. हे मार्गदर्शक एकेकाळी तिचेही होते. अकरा वर्षांपूर्वी याच टेबलावर त्यांनी तिच्या नोंदणीच्या अर्जावर सही केली होती. त्यांनी वर पाहिलं, खुर्ची दाखवली आणि विचारलं, "आपण कोण?"

तिने नाव सांगितलं. आडनाव ऐकून ते खुलले. "म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या नात्यातल्या. हुशार हो मुलगी."

थोरलीने अर्ज पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि परत लावला.

"कारण विचारायचा मला हक्क नाही," ते म्हणाले. अडकलेला खण दोनदा हिसडून त्यांनी एक बंद पाकीट काढलं, फोडलं, आतल्या यादीवर बोट फिरवलं. "ठीक आहे. ब चा रकाना काढावा लागेल."

"ब चा नाही. क चा."

"ब."

"सर, मी क आहे. वाक्य आहे माझं त्यात."

त्यांनी यादी तिच्याकडे वळवली, बाकीच्या ओळींवर हात ठेवून. तिच्या नावापुढे ब होता.

ब बद्दलचं पान तिने सोमवारी वाचलं होतं, आणि खार खातच वाचलं होतं. शिक्षक ब सरासरी ५.८ सेकंद थांबतात. त्यांच्या वर्गात मुलांकडून येणारी उत्तरं इतरांच्या तिप्पट. ही कोण आदर्श बया, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"मी कुठे इतकी थांबते?"

"तुम्ही प्रश्न विचारता आणि फळा पुसता. खडूचा फळा. डिजिटल फळा तुमच्या वर्गात पांघरूण घालून ठेवलेला असतो म्हणे. तो तपशील आम्ही गाळला, नाहीतर तुमची ओळख पटली असती." त्यांनी अर्जाची घडी घातली. "तुम्ही बाहेर पडलात तर तिघं उरतात, आणि तिघांचाही थांबा दीड सेकंदाच्या आतला. मग निबंधात सांगण्यासारखं काही राहत नाही. दबाव म्हणून सांगत नाही, हिशोब म्हणून सांगतोय."

"मग क कोण?"

"ते मी सांगू शकत नाही. मी ते वाक्य गाळा म्हणत होतो. क ऐकेचना. म्हणे, छापायचंच."

काय छापायचं यावर हट्ट धरायला निबंध स्वतःचा असावा लागतो. शेजारच्या शाळेतलं कोणी नव्हतंच तर.

"नाव छापता येतं का?" तिने विचारलं. "ब चं?"

"येतं. ब ची लेखी संमती हवी. मग फळ्याचंही लिहिता येईल, उलट निबंध वजनदार होईल." त्यांनी दुसऱ्या खणातून एक कोरा फॉर्म काढून दिला. "लेखिका म्हणून नाही हं. सहभागी म्हणून."

"कळलं ते," थोरली म्हणाली.

शुक्रवारी सकाळी धाकटी ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होती. सासूबाई अजून उठल्या नव्हत्या. थोरलीने सही केलेला फॉर्म साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"मी ब आहे."

धाकटीची गाळणी हातातच राहिली. "सरांनी सांगितलं?"

"मी नाव काढून घ्यायला गेले होते. तेव्हा कळलं."

"नाव काढून घ्यायला?" धाकटी खुर्चीवर बसली. "ताई, परवा वाचन आहे."

"परवा नाही, उद्या. मला वाटलं, मी क आहे."

"तुम्ही? क?" धाकटीला हसू फुटलं, आणि थोरलीचा चेहरा बघून ते विझलं. "क मी आहे. तुम्हाला सांगायची मनाई होती. चौदा महिने जिभेवर दगड ठेवून बसलेय मी."

"वाक्य माझं आहे ते."

"तुमचंच. पहिल्या वर्षी तुमचा तास बघायला मागच्या बाकावर बसायचे ना मी, तेव्हा उचललं. आपोआप तोंडी बसलं."

"मग मी ते म्हणतच नाही की काय?"

"म्हणता. पण फळा पुसून झाल्यावर." धाकटी गाळणीतल्या चोथ्याकडे बघत होती. "मी नुसतं वाक्य उचललं. पुसायला माझ्या वर्गात खडूच नाही. बोट लावलं की उत्तर पडद्यावर. ऐकताना मला माझीच लाज वाटली, म्हणून म्हटलं, छापूनच टाकू."

थोरलीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. स्वतःची फजिती कागदावर मांडायचं धाडसही हिलाच सुचावं? आपण असतो तर तो रकाना गुपचूप फाडून टाकला असता. दीड वर्षाच्या आपल्या टिपणांत आपली एकही चूक नव्हती, हे तिला आठवलं.

"माझं नाव घाल," ती म्हणाली.

"घालते. पण मग सगळे विचारतील, वाक्य गणितबाईंचं, मग क कोण?"

"विचारू देत."

"मला सांगावं लागेल, ताई."

"सांग की. मी कुठे अडवलंय?"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. थोरलीने नजर हलवली नाही. या बाईला एकदा तरी भर सभेत खाली बघायला लागावं, एवढंच तिला हवं होतं, आणि धाकटीलाही बहुधा ते दिसलं. तिने हात पुसले.

"द्या पेन. खाली माझीही सही लागते."

शनिवारी सभागृहात दीडशे माणसं होती. थोरली तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत. पडद्यावर तिचं नाव आलं, पूर्ण, शुद्धलेखनाची चूक नसलेलं. पुढे आकडा, त्याखाली खडूचा फळा आणि ओलं फडकं. मागून कोणीतरी "वा" म्हणालं. भूगोलाच्या सरांनी वळून मान डोलावली. पाच-सहा सेकंद थोरली फार सुखात होती.

मग क आला. वाक्य पडद्यावर उमटताच शाळेच्या मंडळींत कुजबूज सुरू झाली. धाकटीने माईक तोंडाजवळ घेतला.

"हे वाक्य कुणाचं, याचा आमच्या शाळेत आता तपास सुरू झालाय," ती म्हणाली. "बरं, मीच सांगते. क मी आहे. वाक्य मी थोरल्या जावेकडून उचललं. थांबणं उचलायचं राहून गेलं."

सभागृह हसलं, आणि ते हसणं धाकटीच्या बाजूचं होतं. खाली बघण्याचं नावही तिने घेतलं नाही. पुढचा अर्धा तास प्रश्न आले ते सगळे क ला. तुम्हाला हे कधी लक्षात आलं? स्वतःचा आवाज ऐकताना काय वाटलं? आता किती थांबता? "दोन सेकंद," धाकटी म्हणाली. "तेवढ्यातही दरदरून घाम फुटतो." पुन्हा हशा. पहिल्या रांगेत मार्गदर्शक मान मागे टाकून हसत होते.

ब ला कोणी काही विचारलं नाही. बरोबर वागणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय?

चहाच्या वेळी थोरली कप घेऊन भिंतीपाशी उभी राहिली. फळा पुसण्याबद्दल चार वाक्यं तिने मनात तयार ठेवली होती. खिडकीपाशी धाकटीभोवती गर्दी होती. तिच्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसत होता. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक विद्यार्थिनी घाईघाईने थोरलीकडे आली.

"बाई, तुम्ही ब ना?"

"हो." थोरलीने कप खाली ठेवला.

"क मॅडम कुठे आहेत, सांगाल का?"

थोरलीने कप परत उचलला. मग तिने खिडकीकडे बोट केलं.

"त्या घोळक्यात. आत शिरायला जागा मिळते का बघ."

मुलगी थँक यू म्हणून वळली.

"आणि ऐक," थोरली म्हणाली. "तिला सांग, ब ने पाठवलंय."