सत्तावीस वर्षांचा बसलेला हात

शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, तो शोभेचा. दुसरा शिकवणाऱ्याच्या पायाखाली, तो खरा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली अकरा वर्षं या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत. खुद्द त्यांच्या नणंदेनंसुद्धा फोनमध्ये त्यांचा नंबर याच नावानं साठवला होता. ताईंनी शेकडो माणसांना गाडी शिकवली होती. त्यात डॉक्टर होते, पोस्टमन होते, आणि क्लचला हँडब्रेक समजणारे एक गणिताचे प्राध्यापकही होते. ताई कुणावर ओरडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

घरच्या गाडीला मात्र एकच ब्रेक होता आणि तो यजमानांच्या ताब्यात असल्यामुळे जवळजवळ नवाच राहिला होता.

यजमान नळ आणि फरशा विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाचे व्यवस्थापक. गिऱ्हाइकाशी बोलताना जिभेवर साखर, डोक्यावर बर्फ. तासभर फरशा उलटसुलट करून काहीच न घेता जाणाऱ्या माणसालाही ते दारापर्यंत पोचवायला जात. हाच सज्जन गृहस्थ स्टिअरिंगला हात लागला की निराळा होई. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न वाजवायचा, जणू दिवा त्यांच्या धाकानंच रंग बदलत होता. पिवळा दिवा म्हणजे त्यांच्या मते 'जरा घाई करा' असा प्रेमाचा निरोप. इंडिकेटर ते देत नसत. आपण कुठं वळणार हे वाटेवरच्या परक्या माणसांना का सांगायचं, असा त्यांचा रोकडा सवाल असे. आतला आरसा भांग पाहण्यापुरता. सीटबेल्ट पोलीस दिसला की टॉवेलसारखा खांद्यावर ओढून घ्यायचा आणि चौक ओलांडला की सोडून द्यायचा. फोन आला तर घ्यायचाच, कारण गिऱ्हाईक देव आणि रस्त्यावरची माणसं काय, रोजचीच.

ताईंनी कधी काही सुचवलं तर उत्तर ठरलेलं होतं. "अगं, सत्तावीस वर्षांचा हात बसलाय. एक ओरखडा दाखव गाडीवर."

ते खोटं नव्हतं. ओरखडे सगळे इतरांच्या गाड्यांवर होते. मागच्या सीटवरून सासूबाई दुजोरा देत की, माझ्या मुलाच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही. हे सांगताना त्यांनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरलेली असे.

मग एका मंगळवारी दुपारी यजमानांनी पिवळ्या दिव्याचा निरोप मनावर घेतला तेव्हा दिवा लाल झाला होता. चौकातल्या हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली. यजमानांनी काच खाली करून, आपण कोण आहोत हे ठाऊक आहे का, असं त्याला विचारलं. हवालदारानं शांतपणे लायसन मागून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही कोण होतात ते लिहिलंय साहेब. पण ते चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत."

मुदत संपून वर्षाच्या वर दिवस झाले असतील तर नियमाप्रमाणे पहिल्यापासून सगळं करायचं होतं. शिकाऊ परवाना, मग चाचणी. घरी येऊन यजमानांनी हे अशा सुरात सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं सरकारनं त्यांना पुन्हा बालवाडीत घातलंय. सासूबाईंनी सरकारला नावं ठेवली. ताईंनी चहा ठेवला आणि आपल्या स्कूलमध्ये दोन दिवस येऊन चाचणीचा रस्ता पाहून जा, असं सुचवलं. बायकोकडून शिकून गाडी चालवायची वेळ येण्यापेक्षा मी बसनं फिरीन, असं यजमान म्हणाले. बसनं ते फिरले नाहीत. महिनाभर दुकानातल्या सहकाऱ्याला सक्तीनं ड्रायव्हर केलं आणि त्याच्या शेजारी बसून त्याला हॉर्न कधी वाजवायचा ते सांगत राहिले.

चाचणी घेणाऱ्या बाई नव्यानंच बदलून आल्या होत्या. त्या कुणाला ओळखत नव्हत्या आणि ओळखायची त्यांना हौसही नव्हती. यजमान गाडीत बसले, बेल्ट न लावता निघाले, इंडिकेटर न देता वळले. परीक्षक बाई वहीत एकेक खूण करत होत्या. चौथ्या मिनिटाला फोन वाजला. यजमानांनी तो घेतला, आणि 'दोनच मिनिटं, चाचणी चाललीय' असं समोरच्याला सांगून संगमरवरी फरशीचा भाव सांगू लागले. परीक्षक बाईंनी त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग गाडी बाजूला घ्यायला सांगून स्वतः स्टिअरिंगवर बसल्या आणि परत घेऊन आल्या. अर्जावर शेरा होता: प्रशिक्षणाची नितांत गरज.

आता यजमान ताईंना न सांगता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका स्कूलमध्ये दाखल झाले. पहिल्याच दिवसानंतर तिथल्या शिक्षकानं ताईंना फोन केला. धंद्यातली जुनी ओळख होती. "ताई," तो म्हणाला, "आपलं माणूस आपणच सांभाळा. मला घरी बायको आहे."

म्हणून एका सोमवारी सकाळी यजमान ताईंच्या गाडीत बसले. टपावर शिकाऊ गाडीची पाटी, दोन्ही दारांवर स्कूलचं नाव ठसठशीत अक्षरांत. मागच्या सीटवर पडदे शिवणाऱ्या काकू बसल्या होत्या, कारण त्यांची पाळी यजमानांच्या नंतर होती. काकूंचं वय चोपन्न. वर्षानुवर्षं पडद्यांचे गठ्ठे पोचवायला दुसऱ्यांची मनधरणी करून कंटाळल्या होत्या. ताई सांगत ते सगळं त्या एका छोट्या वहीत लिहून घेत. यजमानांनी त्यांना दिलासा दिला की माझं बघून शिका, सत्तावीस वर्षांचा हात आहे. काकूंनी तेही लिहून घेतलं.

पाटीची गाडी चालवणं म्हणजे काय असतं, हे यजमानांना त्या सोमवारी कळलं. पहिल्या सिग्नलला दिवा हिरवा व्हायच्या आधीच मागून हॉर्न सुरू झाले. एक टेम्पो इतका जवळून गेला की बाजूचा आरसा मिटला. एकानं जाता जाता खिडकीतून हात काढून, गाडी कशी चालवतात ते हवेत करून दाखवलं. यजमान लालबुंद झाले. माणसांना काही रीतभात उरली नाही, म्हणाले. मागून काकूंनी भाबडेपणानं विचारलं, की हे हॉर्न वाजवणारे लोक कोण असतात हो, त्यांना घरी कुणी नसतं का? ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. हसू आवरायला तेवढीच जागा होती.

तिसऱ्या दिवशी ती गोष्ट घडली. इस्पितळासमोरचा रस्ता, झेब्रा पट्टे, सकाळचे सव्वासात. यजमान दुकानातल्या एका वितरकाला आपण कसं सरळ केलं ते रंगवून सांगत होते. गाडी बऱ्यापैकी वेगात होती. एकाएकी ती जागच्या जागी थांबली. काकू पुढच्या सीटवर आपटल्या, वही खाली पडली. यजमान संतापून ताईंकडे वळले, की मध्येच ब्रेक का दाबलास.

ताईंनी नुसतं समोर बोट केलं.

बॉनेटपासून हातभर अंतरावर एक म्हातारा माणूस पट्ट्यांवरून चालला होता. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात इस्पितळाची फाइल. त्याला काही कळलंच नव्हतं. गाडी आपल्यासाठी थांबली असं समजून त्यानं फाइलचा हात किंचित वर केला, आभार मानले आणि सावकाश पलीकडे गेला.

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. आणखी एकानं वाजवला. यजमानांनी गाडी पुढे घेतली नाही. ताईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बसलेल्या हातांनी आधीच थांबलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढला.

"मला तो दिसलाच नाही गं," ते म्हणाले.

सत्तावीस वर्षांत ताईंनी त्यांच्या तोंडून रस्त्याबद्दल ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. अशा वेळी काय बोलायचं हे त्यांनी मनात किती वेळा घोकून ठेवलं होतं. पाच-सहा टोमणे तर अगदी धार लावून तयार होते. पण त्यातला एकही तोंडी आला नाही. त्यांनी जागा बदलायला सांगितली आणि काकूंना पुढे घेतलं. काकूंनी बेल्ट लावला, आरसे पाहिले, मागे पाहिलं, पुन्हा आरसे पाहिले. त्यांच्या सगळ्या पाहण्यात दीड मिनिट गेलं आणि मागच्या सीटवर यजमानांनी खाली पडलेली वही उचलून मांडीवर ठेवली.

संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की आपल्याला मोतीबिंदू झाला असणार. सासूबाईंनी लगेच डोळ्यांना हात लावला आणि घराण्यात कुणाकुणाला मोतीबिंदू झाला होता त्याची यादी सांगितली. दुसऱ्या दिवशी ताई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. यजमानांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची आशा होती. आजार निघाला तर माणसाची चूक राहत नाही. डॉक्टरांनी थेंब घातले, अक्षरं वाचून घेतली, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि खुशीत येऊन सांगितलं, की या वयात असे डोळे मी फार थोड्यांचे पाहिलेत, विशीतल्या माणसासारखी नजर आहे.

एवढी चांगली बातमी ऐकून इतका पडलेला चेहरा त्या दवाखान्यानं कधी पाहिला नसेल.

बाहेर येऊन यजमान बाकावर बसले. थेंबांमुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान त्यांनी तसंच सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे डोळे चांगले होते. मी बघतच नव्हतो."

"हं," ताई म्हणाल्या.

"किती वर्षं?"

ताईंनी खरं उत्तर दिलं नाही. उद्या सातला वेळेवर या, एवढंच सांगितलं.

पुढचे बारा दिवस ते वेळेवर आले. फोन घरी ठेवून येऊ लागले आणि दुकानात गिऱ्हाइकांचं काहीही बिघडलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं. रस्त्यावर कोण कोण असतं, हे नव्यानं शोध लावल्यासारखं ते ताईंना सांगू लागले. चौकात एक फुलझाडं विकणारा बसतो. शाळेच्या भिंतीला लागून सायकलींची रांग असते. पिवळ्या दिव्यानंतर लाल दिवा येतो. ताई हे सगळं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत. सवयी काही एका आठवड्यात मोडल्या नाहीत. हात हॉर्नकडे जायचा आणि ताईंनी पाहिलं की केसांवरून फिरून परत यायचा.

यजमानांची दुसरी चाचणी आणि काकूंची चाचणी एकाच दिवशी होती. काकू पैकीच्या पैकी गुण घेऊन उतरल्या आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडल्या. यजमान काठावर पास झाले. परीक्षक बाईंनी त्यांना एवढंच विचारलं, की संगमरवराचा भाव आता काय आहे. यजमानांनी नजर रस्त्यावर ठेवून सांगितलं, की दुकानात आलात तर सांगीन.

लायसन आलं त्या रविवारी सगळे नणंदेकडे निघाले. यजमान चालवत होते, शेजारी ताई, मागे सासूबाई. नेहमी चाळीस मिनिटं लागणाऱ्या रस्त्याला पन्नास लागणार हे दिसतच होतं. सासूबाईंनी, गाडी बिघडली आहे का, असं दोनदा विचारलं. यजमान प्रत्येक वळणावर इंडिकेटर देत आणि दिला हे मोठ्यानं सांगतही, जणू देणगी जाहीर करत होते. दुसरे कुणी देत नसले की त्यांच्या आईवडिलांच्या संस्कारांवर मत व्यक्त करत. ताईंना वाटलं, आधीचा माणूस निदान लोकांचे संस्कार तरी काढत नसे.

मोठ्या चौकात दिवा पिवळा झाला. यजमान थांबले. मागच्या गाडीनं एवढा लांब हॉर्न दिला की सासूबाई जाग्या झाल्या. मग ती गाडी शेजारच्या रांगेत घुसली. चालवणारा तरुण मानेनं फोन धरून होता. काच खाली करून म्हणाला, "काका, चालवता येत नसेल तर घरी बसा की."

ताईंनी डोळे मिटले. याचं उत्तर काय येतं ते त्यांना तोंडपाठ होतं, त्यात आई-बहिणींचा उद्धारही असे.

यजमानांनी काच खाली केली. कप्प्यातून ताईंच्या स्कूलचं कार्ड काढलं आणि हात लांब करून, गिऱ्हाइकाला द्यावं तसं पुढं केलं. "मलाही येत नव्हतं," ते दुकानातल्या मऊ आवाजात म्हणाले. "सकाळची बॅच सातला असते. बाई फार चांगल्या शिकवतात."

तरुणानं गोंधळून कार्ड घेतलं. दिवा हिरवा झाला तरी तो ते वाचतच होता, आणि आता सगळ्यांचे हॉर्न त्याच्यावर वाजत होते.

सातची बॅच पुढचे दोन महिने भरलेली होती. ताईंनी ते सांगितलं नाही.