झाकलेला गळा

हाफियाने बटाट्याची धिरडी तळायला घेतली की सगळ्या घराला भूक लागायची. त्या रविवारी मात्र यारिनाला तेलाचा तो वास सोसवेना. आतल्या खोलीत भट्टीच्या उबेला ती बसून होती. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडल्याला महिना होत आला होता. आवाज बसलेला, खोकला हटत नव्हता आणि मानेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. बाहेरच्या खोलीत तिची आई हाफिया धाकट्या बहिणीला, मेलान्काला, सजवत होती. आज मागणी घालायला मंडळी यायची होती.

"आधी माळ घाल," हाफिया म्हणाली. "केसांचं मग बघू."

"चिकटते गं ती घामाने. खाज सुटते."

"सुटू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माळ तृणमण्यांची होती, तिथल्या दलदलीतून निघणाऱ्या पिवळ्या मण्यांची. हे मणी गळ्याचा रोग ओढून घेतात असं त्या मुलखात लहानथोर सगळे मानतात. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्या वसंतात दोघी बहिणी लहान होत्या आणि घरच्या गाईचं दूध पीत होत्या. पुढे एकीमागून एक दोघींना थायरॉईडचा कर्करोग निघाला. ग्रंथी काढून टाकल्या, गळ्यावर आडवा व्रण राहिला. लोक त्याला चेर्नोबिलची माळ म्हणत आणि तसली माळ असलेली सून कुणालाच नको असे. म्हणून तिच्यावर ही दुसरी माळ. खाली काय आहे ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण न दिसल्याचं सोंग सगळे वठवत. यारिनाला त्या सोंगाची किळस आली होती.

तिचंही लग्न असंच झाकून झालं होतं. ग्रंथी काढल्यापासून रोज घ्यायच्या गोळ्या सासूला सापडल्या तेव्हा तिने त्या सरळ डुकरांच्या कुंडात फेकल्या. "हार्मोनच्या गोळ्या खातेस? मिशा फुटतील, कूस वाळेल! मणी आहेत ना गळ्यात?" मग यारिना गोठ्यात लपवून गोळी घेऊ लागली. कधी जमे, कधी आठवडेच्या आठवडे नाही. तोंड सुजलं, उन्हाळ्यातही थंडी वाजे, बसल्या जागी झोप येई, आणि सासू तिला आळशी म्हैस म्हणे. मूलही झालं नाही. शेवटी गाठ दिसली आणि नवऱ्याने गाडीला घोडा जुंपला.

गेल्याच आठवड्यात शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आणि हाफियाला समोर बसवून समजावलं होतं.

"गोळी म्हणजे काढलेल्या ग्रंथीची नुसती भरपाई नाही," त्या म्हणाल्या. "रक्तातलं हार्मोन कमी पडलं की मेंदूच्या तळाची ग्रंथी दुसरं एक हार्मोन सोडते. थायरॉईडला ती हाक असते, वाढ म्हणून. ती हाक ऐकायला त्या पेशींना कान असतात, रिसेप्टर म्हणतो आम्ही. कर्करोगाच्या पेशी त्यातूनच निपजलेल्या, त्यांनाही बहुधा हेच कान असतात. अंगात चार-दोन कुठे दडून राहिल्या असतील, तर गोळीमुळे वरची हाक थांबते आणि त्या निपचित पडून राहतात. तुझ्या दडलेल्यांना मात्र इतकी वर्षं हाका ऐकू येत राहिल्या."

"आणि मूल?" यारिनाने विचारलं.

"गोळी वेळेवर घेतली असतीस, तर त्याला अडचण नव्हती."

"मग हे मणी?"

"दिसायला छान आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या उपचाराचं सांगू लागल्या. गाठ काढायची होती, फुप्फुसातही डाग दिसत होते.

हाफियाने हे सगळं शेजारी बसून ऐकलं होतं, डोळेही पुसले होते. आणि घरी येऊन तिने काय केलं, तर मेलान्काची माळ साबणाने धुऊन वाळत घातली.

मंडळी आली. भरतकाम केलेल्या कापडात पाव, बरोबर व्होडकाची बाटली. मुलगा लेव्को बुटांकडे बघत बसला. त्याची आई पारास्का धिरडं आंबट सायीत बुडवून खात होती. खाता खाता तिने मेलान्काला जवळ ओढलं आणि तेलकट बोट माळेखाली घालून गळा चाचपला. बाजारात गाय घेतानाही माणूस आधी हात पुसतो. यारिनाला दाराच्या फटीतून ते दिसलं.

"आहे, आहे. वाटलंच होतं," पारास्का बोट चाटत म्हणाली. "घाबरू नका विहीणबाई, आमचं मन मोठं आहे. फक्त बोभाटा नको, आणि त्या गोळ्या आमच्या घरात नकोत. मला नातू हवाय."

मुलींच्या बापाने खाकरून खिडकीबाहेर बघितलं. हाफिया घाईघाईने म्हणाली, "नाही हो घेणार. मणी आहेतच की."

मेलान्काने माळ पुन्हा व्रणावर सरळ केली.

त्या मुलखात मुलीला स्थळ नको असेल, तर तिने मुलाच्या हातात लाल भोपळा द्यायचा. यारिना उठली. बाकाखाली भोपळे रचलेले होते. तिला एकही उचलेना. मग तिने एक पायाने ढकलत, धापा टाकत, बाहेरच्या खोलीत टेबलापाशी आणला.

"यारिना, आत जा!" हाफिया ओरडली. "तुझं गेलं ते गेलं, हिचं तरी नीट होऊ दे!"

"हिचं जाऊ नये म्हणूनच आले, आई." यारिनाने स्वतःची माळ सोडली. व्रण आणि गाठ दोन्ही उघडी पडली. "घाला ना बोट, मावशी. गोळ्या सोडून मीच वाढवलीय ही."

"झाका ते, झाका! अन्नावर बसलोय आम्ही!" पारास्का ओरडली.

"तुमच्या घरी यायला हिनंही गोळ्या सोडायच्यात. बघायला काय जातंय?"

मग मेलान्काने वाकून भोपळा उचलला आणि लेव्कोच्या हातात ठेवला.

"गोळ्यांचं मी काही बोललो नव्हतो," तो पुटपुटला. त्याला ती खरोखर आवडत होती.

"बोलला नाहीस, तेच तर," मेलान्का म्हणाली आणि माळ काढून टेबलावर टाकली.

पारास्काने आणलेला पाव परत उचलला. फाटकाबाहेर गाव जमलंच होतं. हाफिया रात्रीपर्यंत "आता हिला कोण करून घेणार?" म्हणून रडत राहिली आणि तिची समजूत काढायला कुणी गेलं नाही.

सकाळी मेलान्का उघड्या गळ्याने पुढच्या पायरीवर बसली. उपाशीपोटी एक गोळी स्वतः घेतली, एक बहिणीच्या तळव्यावर ठेवली. शेजारची स्तेखाकाकू दुधाची बादली घेऊन चालली होती. तिने पाहिलं आणि पटकन मान फिरवली. तिच्या मागे तिची लेक होती, गळ्यात तसेच पिवळे मणी. काकू चार पावलं पुढे गेली आणि थांबली. इकडेतिकडे बघून कुंपणापाशी आली.

"कुठल्या गं त्या डॉक्टरीणबाई?" तिने हळूच विचारलं.

"मोठ्यानं विचारा काकू," यारिना आपल्या बसक्या आवाजात म्हणाली. "मोठ्यानं विचारलंत, तर सांगते."