मागे कोण बसतं?

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घासून सूनबाईची नजर अशी तयार झाली होती, की केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाला मात्र तिच्या मोटरसायकलमध्ये कधीच काही दिसत नसे. हा गृहस्थ उन्हाळा असो की हिवाळा, गळ्यात टाय बांधून बसायचा आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मॅडम'नं करायचा. घरी त्याचं नाव टायवाला पडलं होतं.

"मॅडम, गाडी एकदम ओके आहे. आमच्या माणसानं चालवून बघितली."

"मग माझ्याकडे आल्यावर बंद का पडते?"

"मॅडम, तुम्ही क्लच नीट सोडत नसाल."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलेजात असल्यापासून ती मोटरसायकल चालवत होती. तक्रारीच्या पहिल्या खेपेला यांनी गाडी नुसती धुऊन परत दिली. दुसऱ्या खेपेला प्लग बदलला. त्यापुढच्या खेपेला पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून बघा, असा सल्ला दिला, तोही उपकार केल्यासारखा. काचेपलीकडे वर्कशॉप आणि अलीकडे ग्राहकांसाठी मऊ सोफा, अशी तिथली व्यवस्था होती. काचेवर आत येण्यास मनाई असल्याची पाटी. आपलीच गाडी आपण माशासारखी काचेतून बघायची.

खरं सांगायचं तर गाडी का बंद पडते हे सूनबाईला ठाऊक नव्हतं, पण कधी पडते हे पक्कं ठाऊक होतं. मागे सासूबाई बसल्या आणि गतिरोधक आला, की पडायची. एकटी असली की कितीही खड्डे येवोत, गाडी हूं की चूं करत नसे.

आणि नेमकं हेच तिला सांगता येत नव्हतं. सासूबाई अंगानं चांगल्या भरलेल्या. कुणा नातेवाइकानं एकदा गमतीत "यांना दोन खुर्च्या द्या" म्हटलं, तर त्या घराशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. सूनबाई एकटी असताना टायवाल्याच्या कानात सांगेल, तर तो पडला तोंडाचा फाटका. घरी फोन करून सगळं बोलून मोकळा व्हायचा, आणि घरचा फोन सासूबाईच उचलायच्या. तेव्हा सूनबाईनं तोंडाला कुलूप लावलं होतं आणि दर खेपेला "अधूनमधून बंद पडते" एवढंच सांगत होती.

पण त्यापायी घरात जे चाललं होतं, ते तिला बघवत नव्हतं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सासूबाईंना पोहायला सांगितलं होतं. तलाव गावाबाहेर, तिथवर बस जात नाही, म्हणून सूनबाई त्यांना सकाळी मोटरसायकलवरून न्यायची. साठी उलटलेली ही बाई आधी पाण्यात पाय घालायला तयार नव्हती. पुढे एका सकाळी ती पाठीवर तरंगायला शिकली, आणि घरी येईपर्यंत मागून सूनबाईच्या कानाशी तिची टकळी चालू राहिली. "अगं, पाण्यात वजनच नसतं माणसाला! कुणी सांगितलंच नव्हतं मला इतकी वर्षं!"

मग गाडी भर चौकात बंद पडू लागली. मागून हॉर्न, लोकांच्या नजरा, आणि सासूबाई रस्त्यात उतरून उभ्या. असं चार-सहा वेळा झालं, आणि मग त्यांनी एकच पालुपद धरलं, गुडघे दुखतात, आज नको. दिवसभर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायच्या. ही खुर्ची आता सुटायची नाही, अशी भीती सूनबाईला वाटू लागली होती.

आज गाडी सकाळीच आणून टाकली होती. दुपारी सूनबाई ती न्यायला निघाली, तर सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. "मीही येते." दोघी बसनं आल्या. आणि टायवाल्यानं पुन्हा क्लचचं पुराण लावलं, तशा सासूबाई सोफ्यावरून हळूहळू उठल्या.

"अहो, तुमचा माणूस गाडी चालवून बघतो, तेव्हा मागे कोण बसतं?"

"मॅडम, कुणी नाही."

"मग दिसणार कसं तुम्हाला? गाडी माझ्यामुळे बंद पडते. मी बसलेली असले आणि गतिरोधक आला, की पडते. रात्रीचं जेवण सोडलंय मी महिनाभर. तरी पडतच राहिली."

सूनबाईनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. रोज रात्री "मला भूक नाही गं" म्हणून या ताटावर बसायच्या नाहीत, ते यासाठी!

टायवाल्याचा चेहरा मात्र खुलला. "मॅडम, मग हे आधी सांगायचं! हे ओव्हरलोडिंग झालं. वॉरंटीत बसत नाही."

सासूबाईंनी मान खाली घातली. दोन खुर्च्यांवरून नातं तोडणारी बाई आज पिशवीचे बंद घट्ट धरून उभी होती. तेवढं मात्र सूनबाईला सहन झालं नाही.

"उठा," ती टायवाल्याला म्हणाली.

"मॅडम?"

"चला, माझ्या मागे बसा."

टायवाला म्हणजे नुसती हाडं. टाय सोडला तर अंगावर वजन म्हणावं असं काही नव्हतं. लोक बघायला लागले, तसा नाइलाजानं तो दाराशी उभ्या असलेल्या गाडीवर तिच्या मागे बसला. फाटकातच गतिरोधक होता. सूनबाईनं गाडी त्यावर घातली. एक गचका, आणि गाडी ठप्प. पुन्हा चालू केली, वळवून आणली, पुन्हा ठप्प.

"क्लच मी नीट सोडला ना?" तिनं मागे वळून विचारलं.

काचेपलीकडचा मेकॅनिक हसू दाबत बाहेर आला आणि त्यानं सीट उचकटली. सीटखाली चेपलेली एक वायर होती, वरचं आवरण जाऊन आतलं तांबं उघडं पडलेलं. "पहिल्या सर्व्हिसिंगला सीट आम्हीच काढली होती," तो म्हणाला. "बसवताना वायर खाली राहिली. मागे कुणीही बसलं तरी ती दबणारच. आजी, यात तुमचा काही संबंध नाही."

टायवाला टायची गाठ चाचपत "सॉरी मॅडम" पुटपुटला. आज पहिल्यांदा मॅडम वाक्याच्या शेवटी आलं होतं.

वायर बदलेपर्यंत दोघी सोफ्यावर बसल्या.

"तुला माहीत होतं ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, आई."

"वाटलंच असतं. चार दिवस अबोला धरला असता मी." त्यांनी सुनेचा हात हातात घेतला. "पण महिना तरी वाचला असता. यापुढे बोलत जा. भांडू आपण, पण बोलत जा."

सूनबाईला रडूही आलं आणि हसूही.

गाडी आली. सासूबाई मागे बसल्या आणि त्यांनी सुनेचे दोन्ही खांदे घट्ट धरले. गतिरोधक आला, गेला. इंजिन आपल्या नादात चालू.

"वळव," सासूबाई म्हणाल्या. "परत एकदा ने."

सूनबाईनं परत एकदा नेली. मग घराच्या रस्त्याला लागणार, तोच मागून खांद्यावर थाप पडली.

"घरी नको. तलावावर चल."

"अहो आई, पोहायचे कपडे?"

"पिशवीत आहेत. आज बोलून टाकायचं ठरवूनच निघाले होते मी."