दुसऱ्याच्या देवाकडे

राबियाने कागदाच्या तुकड्यावर चिमूटभर उदी घेतली, पुडी बांधली आणि पुन्हा सोडली. दर्ग्याच्या पायरीवर उभा राहून तिचा नवरा रहीम बघत होता. जायचंच नाही तर पुडी कशाला बांधतेस, असं त्याने विचारलं.  राबियाने पुडी पुन्हा घडी घालून बांधली.

तुळजाबाईंचा फोन सकाळी आला होता. त्यांच्या सुनेला, नीलमला, आठव्या महिन्यातच त्रास सुरू झाला होता. बी.पी. खाली येईना म्हणून तिला दौंडच्या एका खासगी दवाखान्यात हलवलं होतं. ऑपरेशन करावं लागेल, पण खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं सांगताना तुळजाबाई रडल्या नाहीत. पिराची उदी घेऊन ये, एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एरवी त्या स्वतःच आल्या असत्या. खुटबावच्या शिवेवरच्या या दर्ग्यात त्या लग्न होऊन आल्यापासून दर गुरुवारी यायच्या. पण महिन्यापूर्वी दुसऱ्याच कुठल्या तरी गावातल्या कुणा मुसलमान पोराने मोबाइलवर काहीतरी वाईट स्टेटस ठेवलं, आणि इथल्या पोरांनी राबियाच्या थोरल्याला, रिजवानला, त्याचं पंक्चरचं दुकान बंद करायला लावलं. त्या पोरांत तुळजाबाईंचा मुलगा, नीलमचा नवरा माऊलीही होता. तो काही बोलला नव्हता. गाडीवर बसून नुसता बघत राहिला होता. रिजवान आता पाबळला मामाच्या गॅरेजमध्ये होता, आणि दर्ग्याकडे गावातलं कुणी फिरकत नव्हतं.

"बाळाला काय झालं, तर उदीनं झालं म्हणतील," रहीम म्हणाला. "आपल्याला गावात ऱ्हायचं हाय."

राबियालाही तीच भीती वाटत होती. शिवाय तिची स्वतःची एक भीती होती, जी तिने नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. तिचा या उदीवर विश्वास उरला नव्हता. तिची लेक सुफिया तापाने फणफणली होती, तेव्हा तिने याच कबरीवर डोकं टेकून रात्री काढल्या होत्या. सुफिया शिरूरच्या दवाखान्यात वारली. त्यानंतरही राबिया रोज दर्गा झाडत होती, लोबान लावत होती, येणाऱ्यांच्या हातावर उदी ठेवत होती. पण मागत काहीच नव्हती. कुणी विचारलंच नाही, म्हणून तिला खोटं बोलावं लागलं नव्हतं, इतकंच.

तिने डोक्यावरून पदर घेतला आणि चौफुल्याला जाऊन दौंडची जीप धरली.

जीपमध्ये ती कोपऱ्यात बसली. ओळखीचं कुणी चढू नये, असं तिला वाटत होतं. पाटसला जीप थांबली तेव्हा उतरून परत फिरावं, हा विचार इतका जोराने आला, की तिने पिशवी उचललीही. बाळ जगलं तर पिराची कृपा होईल. नाही जगलं, तर मुलाण्याच्या बायकोने काय आणून दिलं होतं, ते साऱ्या तालुक्यात होईल. आणि दोन्ही वेळी खरं काय, ते तिला माहीत नसेल. मागून येणाऱ्या बाईने तिला सरकून बसायला सांगितलं. ती सरकली. जीप सुटली.

दवाखान्याच्या दारातल्या बाकावर माऊली होता. त्याच्यासोबत गावातला एक मित्र होता, दुकानासमोर आलेल्यांपैकीच. राबियाला पाहून मित्राने माऊलीकडे पाहिलं. माऊलीची दाढी वाढली होती, डोळे लाल होते.

"कशाला आलात?" त्याने विचारलं.

"काकींनी बोलावलंय."

मित्र उठू लागला. माऊलीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली. राबिया आत गेली.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर तुळजाबाई भिंतीला टेकून फरशीवरच बसल्या होत्या. नीलमला आत नेऊन बराच वेळ झाला होता. राबिया त्यांच्याजवळ बसली. तुळजाबाईंनी हात पुढे केला, पण राबियाने पिशवी उघडली नाही.

"काकी, देण्याआधी एक सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी माझ्या सुफियासाठी हेच मागितलं होतं. न्हाई मिळालं. यात काय हाय का न्हाई, मला आता म्हाईत न्हाई. मी नुसती झाडलोट करते."

तुळजाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्या रागावल्या, असं राबियाला वाटलं. तिने उठायची तयारी केली.

"तवा मी तुळजापूरच्या आईला नवस केला होता," तुळजाबाई म्हणाल्या. "तुझ्या सुफियासाठी. घरात कुणाला सांगितलं नव्हतं."

राबियाने त्यांच्याकडे पाहिलं.

"पोरगी गेली. तरी मी जाऊन आईची ओटी भरून आले. तुला सांगायला तोंड न्हवतं मला. माझ्याच मागण्यात काय खोट ऱ्हायली का, आसं वाटायचं. गुरुवारी तुझ्याकडं यायची ना मी, तवा आधी तुझ्या तोंडाकडं बघायची. तू मला बोल लावशील म्हणून."

"मला म्हाईतच न्हवतं."

"व्हय. म्हणून तर यायला जमायचं."

राबियाने पिशवीतून पुडी काढून त्यांच्या हातात दिली. तुळजाबाईंनी ती उघडली नाही. पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली आणि दुसऱ्या हाताने राबियाचं मनगट धरलं.  रहीमचा फोन येऊन गेला. राबियाने तो घेतला नाही.

दार उघडून सिस्टर बाहेर आली. मुलगी झाली होती, अगदी लहान. नीलम शुद्धीवर यायची होती. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आजची रात्र महत्त्वाची, असं डॉक्टर म्हणत होते. घरच्यांपैकी एका बाईने येऊन बघून जावं.

माऊली दारातून धावत आला होता. तुळजाबाई भिंतीला धरून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"माझ्यानं न्हाई बघवणार," त्या म्हणाल्या. "राबिया, तू जा."

सिस्टरने विचारलं, या कोण. तुळजाबाई काही बोलायच्या आत माऊली म्हणाला, "घरच्याच हायत."

मग त्याने नजर वळवली.

राबियाने चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि सिस्टरने दिलेला हिरवा डगला अंगावर चढवला. पेटीतलं बाळ तिच्या ओंजळीत मावलं असतं. नाकात नळी होती. छाती उठत होती, मग थांबत होती, आणि प्रत्येक वेळी राबियाचाही श्वास अडकत होता.

दाराच्या फटीतून माऊलीचा आवाज आला. "चाची, श्वास घेतीय का?"

तिने त्याच्याकडे न बघताच मान डोलावली.

"काय म्हणताय?" सिस्टरने सलाईन बघता बघता विचारलं.

"काय न्हाई," राबिया म्हणाली. छाती पुन्हा थांबली, पुन्हा उठली. राबियाचे ओठ हलतच होते, सुफियानंतर पहिल्यांदाच काही मागत.