चाचपडणं

रिपोर्ट इंग्रजीत जाणार, असं मुंबईहून आलेल्या एचआर मॅडमनी सांगितलं, तेव्हा शमिकाला थोडं हायसंच वाटलं. मराठीत जे तोंडातून निघत नव्हतं, ते इंग्रजीत निघालं. "ही ग्रोप्ड मी."

गणपतीपुळ्याच्या त्या रिसॉर्टमध्ये ती रिसेप्शनला होती. भर दुपारी वीज गेलेली असताना ती चादरींच्या बिनखिडकीच्या खोलीत गेली आणि मॅनेजर हर्षद मागोमाग आत शिरला. त्याचीच ही चौकशी.

समितीवर बाहेरचे सदस्य म्हणून रत्नागिरीचे केळकर सर होते, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. "ग्रोप म्हणजे मुळात चाचपडणं," ते म्हणाले. "अंधारात हातांनी वाट शोधणं. आम्ही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. अंगाला नको तिथे हात लावणं, हा दुसरा अर्थ पुढे रुळला." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, शिकवायची सवय होती इतकंच.

हर्षदने मान वर केली. "तेच सांगतोय, सर. लाईट नव्हती. मी कडीसाठी चाचपडत होतो, तेव्हा हात लागला असेल."

मॅडम भराभर टाइप करू लागल्या. खोलीतले सगळेच सैलावले. आपलाच शब्द आपल्यावर दार लावून बसलाय, असं शमिकाला वाटलं.

"कडी दाराला होती, सर," ती म्हणाली. "मी पार आत, कपाटापाशी होते. ह्यांनी एका हाताने माझं तोंड दाबलं आणि दुसऱ्याने छाती."

सरांनी चष्मा काढला. "हे आधी का नाही बोललीस, बाळ?"

"बोलले होते. तुम्ही त्याचा अर्थ सांगितलात."

सरांनी आपलं वेगळं मत लिहून दिलं. बाकीच्यांनी 'अंधारात अनवधानाने झालेला स्पर्श' असा निर्णय दिला आणि हर्षदला समज देऊन सोडलं.

शमिकाने रात्री राजीनाम्याचं काढलं. वडील तिथलेच माळी, राहायची खोलीही रिसॉर्टच्याच आवारातली. "मग जायचं कुठं, बाय?" आई एवढंच म्हणाली.

सकाळी ती काउंटरला उभी राहिली. काचेपलीकडे वडील जास्वंदीला पाणी घालत होते. हर्षद त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होता आणि ते खाली बघत मान हलवत होते. पाइपचं पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं. फोन वाजला. तिने उचलला, पण नमस्कार म्हणायला तिला बराच वेळ लागला.