निळ्या पोटाचं बाळ

मोहोळाच्या तिसऱ्या पोळ्यासमोर त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पराग आणणाऱ्या माशा पायांवरची ओझी न उतरवताच उभ्या होत्या, पंख हलवून वारा घालणाऱ्यांनी पंख मिटले होते, आणि एरवी मधाच्या कोठीपलीकडे पाऊल न टाकणारी आळशी नरमंडळी पुढच्या रांगेत ठाण मांडून बसली होती. छताच्या भेगेतून उन्हाची तिरीप आत येत होती आणि त्या तिरिपेत धागेबाबा उलटे लटकत होते. आठ पायांपैकी दोन आशीर्वादासाठी वर, बाकीचे सहा धाग्याला.

"रोग म्हणजे दैवाने मारलेली गाठ," बाबा म्हणाले. "ती दाताने सुटत नाही, अकलेने तर नाहीच नाही. ती धाग्यानेच सुटते. आणि धागा कुणाच्या पोटातून येतो?"

"बाबांच्या," गर्दी एका सुरात म्हणाली.

धागा मोहोळातल्या झाडून सगळ्या कोळ्यांच्या पोटातून येत होता. पण ऐन दर्शनाच्या वेळी असलं काही कुणाला आठवत नाही.

बाबांनी पोळ्यातल्या एका खोलीवरचा रेशमी पडदा ओढला. काल त्या खोलीत पिवळं पडलेलं, मान टाकलेलं बाळ होतं. आज तिथे दुधासारखं पांढरं बाळ वळवळत होतं आणि उन्हाच्या तिरिपेत चकाकत होतं. माशा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एका नराला तर हुंदका आवरेना. त्या बिचाऱ्याने आयुष्यात एकही बाळ भरवलं नव्हतं.

सगळ्यांत मागे दाईमावशी उभी होती. हिचे पंख कडेने चिंध्या झालेले. एके काळी ही रानोमाळ हिंडून पराग आणायची. उडणं जमेनासं झालं तशी ती पुन्हा बाळं भरवायला बसली. मोहोळात सगळ्याच एका आईच्या लेकी, खरं तर सगळ्या बहिणी. पण इतक्या लहानांना भरवलेलीला ताई कोण म्हणणार? म्हणून मावशी.

मावशीने बाळाकडे पाहिलं आणि तिला आधी थकवाच आला. असले चमत्कार तिने कमी पाहिले नव्हते. एकदा भिंतीला घामासारखा मध सुटला होता, तो उन्हाने. एकदा मेलेली राणी पोकळीतून बोलली होती, ती वाऱ्याने. दर वेळी घसा फोडून सांगायचं आणि दर वेळी वाईट व्हायचं. आता नको, असं तिने ठरवलं होतं. पण डोळ्यांची सवय कुठे जाते? कालचं बाळ पाच दिवसांचं होतं. हे तीन दिवसांचं होतं.

"हे लहान कसं झालं?" तिने शेजारणीला विचारलं.

ते बाबांनी ऐकलं. कोळ्याला सगळं पायांनी ऐकू येतं. "रोग झडला, तसं रोगाचं मांसही झडलं," ते गोड आवाजात म्हणाले. "ज्यांच्या मनात किंतु आहे, त्यांच्या ओळीतली बाळं का नाहीशी होतात, ते आता सगळ्यांनी ओळखावं."

सगळी गर्दी मावशीकडे वळली. तिसऱ्या पोळ्याच्या खालच्या काठाची ओळ मावशीची होती आणि त्या ओळीतून चार दिवसांत तीन धडधाकट बाळं गायब झाली होती. पहाऱ्यावरची हवालदारीण पुढे आली. वाईट नव्हती ती, फक्त घाबरलेली होती. उद्या आणखी एक बाळ गेलं, तर मावशीला दाराबाहेर काढावं लागेल, असं तिने खालमानेने सांगितलं. फाटक्या पंखांच्या माशीला बाहेर काढणं म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं.

मावशीला स्वतःचं फारसं काही वाटलं नाही. आपल्यामागे ओळीतल्या पोरांना कोण बघणार, या विचाराने मात्र तिचा जीव खालीवर झाला.

त्यात धाकटी रडत आली. ही चार दिवसांपूर्वी कामाला लागलेली दाई, पहिल्यांदाच एक बाळ हिच्या ताब्यात दिलेलं, आणि तेच आजारी पडलेलं. मावशीने खोलीत डोकं घालून वास घेतला. आंबूस, ओलसर वास होता. बाळ हललं नाही.

"याला बाहेर काढ, खोली घास आणि डिंक लाव," मावशी हळूच म्हणाली. "नाहीतर शेजारची पण जातील. पूर्वीपासून आपण हेच करत आलोय गं."

"बाबा बरं करतात, मावशी. तुम्ही काढायला सांगता." धाकटीने पाठ फिरवली आणि बाबांना बोलावून खोलीवर पडदा बांधून घेतला. उद्या दुपारी उघडायचा होता.

मावशी तिथून निघाली. ती शिंपीकाकांकडे गेली. काका म्हणजे भेगा शिवणारे म्हातारे कोळी. माशा आणि कोळी या मोहोळात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. कोळ्यांनी भेगा शिवायच्या आणि मेण खाणारे पतंग धरायचे, माशांनी त्यांना ऊब आणि कोपरा द्यायचा, आणि कुणी कुणाला खायचं नाही, असा करार होता.

काका वैतागूनच बसले होते. छताची ती भेग शिवायला निघाले, तर बाबांनी 'प्रकाशद्वार' म्हणून मनाई केली होती. तिथूनच रोज दव आत गळत होतं, पराग बुरसत होता आणि त्यानेच बाळांना रोग लागत होता. दर्शनासाठी ऊन हवं, म्हणून मोहोळाला ओल लागली होती.

"आणि त्याचं पोट बघितलंस का?" काका म्हणाले. "म्हणे मी वाऱ्यावर जगतो, मधाला शिवत नाही. अगं, कोळी मध खातोच कुठे? आमच्यात कुणी असं फुगायला लागलं, तर आम्ही विचारतो, काय खाल्लंस बाबा? तुम्ही पाया पडता."

मावशीची नजर पोळ्याच्या काठाकडे गेली. मग तिने विचारलं, की पोळ्याची मागची बाजू बाबांनी रिकामी का करून घेतली असेल. तिकडे अशुभ वारा आहे, कुणी फिरकायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पोळ्यात खोल्या पाठीला पाठ लावून असतात. पुढच्या खोलीची मागची भिंत तीच मागच्या खोलीचीही. हे मोहोळातल्या लहानातल्या लहान माशीलाही माहीत होतं. नेमकं म्हणूनच त्याचा विचार कुणी केला नव्हता.

"मी जाऊन बघतो," काका म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही, उपयोग नाही. त्याने तिकडे धागे ताणलेत. पाऊल पडलं की त्याला कळणार. आणि मी सांगितलं, तर म्हणतील एक कोळी दुसऱ्यावर जळतो."

"तुम्ही नका सांगू. मीही सांगत नाही. सांगून सांगून थकले मी," मावशी म्हणाली. "त्यांनाच बघू दे."

रानात एका फुलाचा पराग गडद निळा असतो. एका जुन्या मैत्रिणीकडून मावशीने तो मागून घेतला, दुधात कालवला आणि आपल्या ओळीतल्या, फक्त आपल्याच ओळीतल्या बाळांना भरवला. अळीची कातडी इतकी पातळ, की आत गेलेलं बाहेरून दिसतं. ओळीच्या शेवटच्या खोलीत ठमी होती, तीन दिवसांची आणि सगळ्यांत खादाड. ती मावशीची सोंड सोडेना. मावशीला अपराध्यासारखं झालं. आपण या पोरांना आमिष म्हणून ठेवतोय, हे तिला पुरतं कळत होतं. पण दुसरा रस्ता तिला दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच गर्दी. बाबांनी सगळ्यांना पोळ्याकडे पाठ करून उभं केलं. डोळे मिटून पंखांनी गुणगुणायचं, जो बघेल त्याचं बाळ जाईल. मग ते पडद्याआड 'रोगाशी झुंजायला' गेले. हजार माशांच्या पंखांचा आवाज झाला की शेजारी भिंत पडली तरी ऐकू येत नाही. मावशीही गुणगुणली. तिचे फाटके पंख फडफड आवाज करत होते.

"वळा," बाबा म्हणाले.

पडदा ओढला. पांढरं, गुबगुबीत बाळ. धाकटीने टाहो फोडला आणि ती पुढे धावली. आणि बाबांनी हौसेने राखलेल्या उन्हाच्या तिरिपेत त्या बाळाच्या पोटातली ठसठशीत निळी रेघ सगळ्यांना दिसली.

क्षणभर बाबाही गडबडले. "हे रोगाचं विष आहे. निळं होऊन बाहेर पडतंय."

"मग माझ्या ओळीतल्या सगळ्यांनाच विषबाधा झाली म्हणायची," मावशी मागून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "निळा पराग मी काल भरवला. फक्त माझ्या पोरांना. बघून घ्या."

हवालदारीण खालच्या काठाशी गेली. एकेका खोलीत डोकावत गेली, प्रत्येक बाळाच्या पोटात निळी रेघ होती. शेवटच्या खोलीशी ती थांबली. ठमीची खोली रिकामी होती.

"बाबा, हे बाळ तिथून इथे कसं आलं?" हवालदारणीने विचारलं.

दैवाची गती, असं काहीसं बाबा पुटपुटले. "मागे जाऊन बघा," मावशी म्हणाली. मागच्या बाजूला जायला कुणाचे पाय उचलत नव्हते. भीती तशी लगेच जात नाही. शेवटी धाकटी निघाली. तिने पोळ्याच्या काठाला वळसा घातला आणि पलीकडून तिचा आवाज आला, "इथे भोक आहे." तिच्यामागे मग सगळ्याच गेल्या.

धाकटीच्या खोलीच्या मागच्या भिंतीला गोल भोक होतं आणि त्यावर मेण फासलेलं रेशमी झाकण. ठमीच्या खोलीलाही तसंच. आजारी बाळ मागून ओढून घ्यायचं, धडधाकट बाळ मागूनच सरकवायचं, झाकण लावायचं. गुणगुणणं चालू असतं तेवढ्यात होतं. ओढलेल्या बाळांचं काय व्हायचं, ते कोपऱ्यात दिसलं. तिथे रिकाम्या, वाळलेल्या कातड्या पडल्या होत्या. रोज एक चमत्कार आणि रोज पोटभर जेवण. मावशीची हरवलेली तीन पोरं दुसऱ्यांच्या खोल्यांत 'बरी झालेली' म्हणून वळवळत होती.

माशांनी नांग्या काढल्या. मावशी आडवी आली. एका डंखाला एकीचा जीव जातो, आणि याच्यापायी आणखी एकही जाता कामा नये, एवढंच तिने सांगितलं. शिंपीकाकांनी बाबांचे धागे तोडले आणि पहारेकरणींनी त्यांना दाराबाहेर घातलं. वाऱ्यावर जगतो म्हणत होते, बाहेर वारा भरपूर होता. काका तिथूनच भेग शिवायला गेले.

गर्दी पांगली. नरमंडळी आपल्याला आधीपासूनच शंका होती असं एकमेकांना सांगत मधाच्या कोठीकडे गेली. धाकटी तेवढी ठमीसमोर उभी राहिली.

"म्हणजे माझं बाळ बरं झालंच नव्हतं?"

"नाही गं. काल मी वास घेतला, तेव्हाच ते गेलेलं होतं."

"तुम्ही आणखी एक दिवस गप्प राहिला असतात तर?" धाकटीला रडू आवरेना. "मला एक दिवस तरी मिळाला असता."

मावशीलाही भरून आलं. तिने धाकटीला जवळ घेतलं. "तुझा तो एक दिवस कुणाच्या तरी पोराच्या जिवावर मिळाला असता, पोरी. मी काही फार शहाणी नाही. मी फक्त बाळ किती दिवसांचं आहे ते बघितलं. तुम्हा सगळ्यांना डोळे होते, त्याने ते मिटायला सांगितले आणि तुम्ही मिटलेत. उद्या हा नाही तर दुसरा कुणी येईल. येऊ दे. त्याला बोलूही दे. पण कुणी पाठ फिरवायला सांगितली, की आधी वळून बघा. खरं असेल तर बघितल्याने बिघडत नाही."

ठमीने आ वासला. तिला निळं काळं काही देणंघेणं नव्हतं, भूक लागली होती. धाकटीने डोळे पुसले आणि तिला भरवलं.

दोन दिवसांनी शेजारच्या खोलीतून पुन्हा तो आंबूस वास आला. धाकटीने कुणाला बोलावलं नाही. तिने ते बाळ स्वतः उचलून बाहेर नेलं, रडतच परत आली, खोली घासली, डिंक लावला. मग कुणी न सांगता पोळ्याला वळसा घालून मागची बाजूही बघून आली.